१४२८५७ची भिंत : गणपतीत मुलांसाठी काय ठेवावं, काय गाळावं? (वडोदरा)

खडूफळा

दांडिया बाजारातल्या आमच्या मंडळात यंदा मंडपाची एक बाजू मुलांच्या गणिताला द्यायची ठरली आहे. संख्या एकच घ्यायची, १४२८५७. मुलं सहावी ते दहावीची. मराठी, गुजराती, इंग्रजी तिन्ही माध्यमांची. सामान म्हणजे चार कार्डशीट, एक टेबल, कात्री आणि दोन कॅल्क्युलेटर.

सगळ्यांना माहीत असतो तो भाग हा:

१४२८५७ × १ = १४२८५७
१४२८५७ × २ = २८५७१४
१४२८५७ × ३ = ४२८५७१
१४२८५७ × ४ = ५७१४२८
१४२८५७ × ५ = ७१४२८५
१४२८५७ × ६ = ८५७१४२
१४२८५७ × ७ = ९९९९९९

सहापर्यंत तेच सहा आकडे, त्याच क्रमाने, फक्त सुरुवात निराळी. सातला सगळे नऊ. इथपर्यंत व्हॉट्सॲपवरही येतं आणि पुढच्याच ओळीत 'पिरॅमिडमध्ये सापडलेली गूढ संख्या' सुरू होतं. ते भिंतीवर नको. कारण हवं आहे, तेही सातवीतल्या पोराला हाताने करून बघता येईल असं. सुचवा.

लसावि

कारण एका भागाकारात आहे. भिंतीवर आधी तो लावा, पाढा नंतर. १ ला ७ ने भागायचं आणि प्रत्येक पायरीची बाकी वेगळ्या रंगात लिहायची:

१० ÷ ७ : भाग १, बाकी ३
३० ÷ ७ : भाग ४, बाकी २
२० ÷ ७ : भाग २, बाकी ६
६० ÷ ७ : भाग ८, बाकी ४
४० ÷ ७ : भाग ५, बाकी ५
५० ÷ ७ : भाग ७, बाकी १

बाकी १ आली की पुन्हा पहिली ओळ. म्हणून १/७ = ०.१४२८५७१४२८५७…

सगळे भागाच्या रकान्याकडे बघतात. बघायचा तो बाकीचा रकाना. सातने भागल्यावर १ ते ६ एवढ्याच बाक्या उरू शकतात, आणि इथे त्या सहाच्या सहा एकेकदा येऊन जातात. आता ३/७ काढायचे तर नवा भागाकार कशाला? ३० पासून सुरू होणारी ओळ वर आहेच. तिथून खाली वाचत जा, शेवटाला पोचलात की वर या: ४, २, ८, ५, ७, १. झालं ४२८५७१. ६/७ हवे तर ६० च्या ओळीपासून. पाढ्यातली फिरवाफिरव ती हीच.

एनसीईआरटीच्या नववीच्या पुस्तकात १/७ देऊन २/७, ३/७ वगैरेंची दशांश रूपं 'भागाकार न करता' सांगा असा प्रश्न वर्षानुवर्षे आहे. मुलं नमुना ओळखून उत्तर लिहितात आणि मार्कही मिळतात. बाक्यांचा रकाना मात्र कुणी बघत नाही.

मांडवीकर

एक सूचना. सातच्या ओळीपाशी '०.९९९९… म्हणजे १ च' हे लिहू नका. विधान बरोबर आहे, पण त्या एका ओळीवर दहावीची मुलं पाऊण तास भांडतील आणि बाकी भिंत तशीच राहील. एवढंच लिहा: ९९९९९९ = १०००००० − १, आणि त्याला सातने पूर्ण भाग जातो. भागाकार १४२८५७.

रावपुरा३९०

पिरॅमिडचं एका ओळीत संपवता येतं. हा आकड्यांचा क्रम आपण दहाच्या पायावर लिहितो म्हणून येतो. प्राचीन इजिप्तमध्ये स्थानिक किमतीची दशांश पद्धत नव्हती. २/३ सारखा अपवाद सोडला तर ते अंश १ असलेल्या अपूर्णांकांतच हिशेब करत. मग १४२८५७ सापडणार कुठे?

पाया (किती अंकचिन्हं वापरून संख्या लिहायची ते) बदलून बघा. आठच्या पायावर १/७ = ०.१११११… सोळाच्या पायावर ०.२४९२४९… आवर्त (पुन्हा पुन्हा येणारा अंकांचा गट) तीनच अंकी. बाराच्या पायावर मात्र पुन्हा सहा अंकी, १, ८, ६, दहा, ३, ५. पायाला ७ ने भागून बाकी ३ किंवा ५ राहिली तरच सहा अंकी आवर्त मिळतं. दहाची बाकी ३, बाराची ५.

शेष_शून्य

लसाविंचा भागाकार पायाच आहे, पण गुणाकाराच्या बाजूनेही एक दार आहे आणि माझ्या मते ते जास्त देखणं आहे.

९९९९९९ = ९९९ × १००१
१००१ = ७ × ११ × १३
म्हणून ९९९९९९ ÷ ७ = ९९९ × १४३

म्हणजे १४२८५७ = १४३ × ९९९ = १४३००० − १४३. ही वजाबाकी तोंडी करा: १४२, आणि पुढे ८५७. पुढचा तुकडा १४२ आणि मागचा त्याला ९९९ ला नेऊन पोचवणारा. १४२ + ८५७ = ९९९ ही 'जादू' नुसत्या वजाबाकीतून पडते. दोन-दोनचे तुकडे केलेत तर १४ + २८ + ५७ = ९९.

आवर्ताच्या अर्ध्याला अर्धं मिळवून नऊ-नऊ येणं छेद मूळ संख्या असलेल्या इतर अपूर्णांकांनाही लागू आहे. आवर्ताची लांबी सम असली की झालं. मिडी नावाच्या फ्रेंच गणितीने १८३६ मध्ये मांडलेलं प्रमेय आहे ते. बाक्यांच्या रकान्यात बघा: १ व ६, ३ व ४, २ व ५. तीन ओळी अंतरावरच्या बाक्यांची बेरीज ७, म्हणूनच तीन घरं अंतरावरच्या अंकांची बेरीज ९.

अवयव पूर्ण लिहायचे तर १४२८५७ = ३³ × ११ × १३ × ३७. एकूण विभाजक ३२. अंकांची बेरीज २७, आणि १४२८५७ ÷ २७ = ५२९१. अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जाणाऱ्या संख्यांना हर्षद संख्या हे नाव देवळालीचे गणिती द. रा. कापरेकर यांनी दिलं. ६१७४ (कापरेकर स्थिरांक) वाले तेच. ती ओळ भिंतीवर आलीच पाहिजे.

विषम

हाताने करायचं म्हणजे कागदी रिंग. यापेक्षा चांगलं काही नाही.

कार्डशीटची पट्टी ३१.५ सेंमी × ४ सेंमी. ५ सेंमीची सहा घरं आणि शेवटी दीड सेंमी डिंकासाठी. घरांत १, ४, २, ८, ५, ७. डिंकाची पट्टी १ च्या घराखाली सरकवून चिकटवा, आकडे बाहेरच्या बाजूला. प्रत्येक आकड्यावर वरच्या कडेला ठिपका द्या. ठिपका नसला की मूल रिंग उलटी धरतं आणि क्रम उलटा वाचतं.

मुलाला १ ते ६ मधली संख्या विचारायची, त्याने कॅल्क्युलेटरवर गुणाकार करेपर्यंत रिंग एका ठिकाणी कापायची आणि पट्टी उलगडून दाखवायची. कापायचं कुठे? दिलेल्या संख्येला ७ ने गुणा, एकक स्थानचा अंक बघा, त्या अंकानंतर कात्री:

१ → ७ नंतर
२ → ४ नंतर
३ → १ नंतर
४ → ८ नंतर
५ → ५ नंतर
६ → २ नंतर

उदाहरणार्थ ४ सांगितले, ७ × ४ = २८, म्हणून ८ नंतर. पट्टी ५७१४२८.

दर खेपेला एक रिंग खर्च होते, तेव्हा तीस-चाळीस आधीच करून ठेवा. घरांच्या मधल्या रेघा पेन्सिलीने आखा, नाहीतर घाईत कात्री आकड्यावरून जाते. कुणी ७ म्हटलं तर कापू नका. रिंग फिरवत ठेवा आणि कॅल्क्युलेटर बघायला सांगा.

केळकर_कॅल्सी

कॅल्क्युलेटरबद्दल कुणी बोललं नाही, आणि घोटाळा तिथेच होतो.

साध्या ८ अंकी कॅल्क्युलेटरवर १ ÷ ७ = ०.१४२८५७१ दिसतं. त्यालाच × ७ केलं की ०.९९९९९९७. तो सातच अंक धरून पुढचे टाकून देतो. दुकानातल्या १२ अंकी यंत्रावर ०.९९९९९९९९९९५. मोबाइलवर बहुधा १ च येतं, कारण आत जास्त अंक किंवा थेट अपूर्णांक ठेवलेला असतो. तीन यंत्रं शेजारी ठेवली तर तीन उत्तरं दिसतील. त्याचाच तक्ता करा, मुलांना आवडेल.

वर्ग करायचा बेत असेल (कापरेकरांचं नाव निघालंय म्हणजे असणारच) तर ८ अंकी यंत्र घेऊच नका. उत्तर ११ अंकी आहे, पडद्यावर 'ई' (एरर) येऊन बसेल.

शेष_शून्य

बेत आहेच.

१४२८५७ × १४२८५७ = २०४०८१२२४४९
उजवीकडचे सहा अंक तोडा: २०४०८ | १२२४४९
२०४०८ + १२२४४९ = १४२८५७

वर्गाचे दोन तुकडे करून बेरीज केली की मूळ संख्या परत येते, ती कापरेकर संख्या. लहानांसाठी आधी ४५ दाखवा: वर्ग २०२५, २० + २५ = ४५. मग २९७: वर्ग ८८२०९, ८८ + २०९. त्यानंतर आपली.

कारण शोधायला आकडेमोड लागत नाही. १४२८५७ मध्ये ९९९९९९ चे ७ सोडून सगळे अवयव आहेत. उरलेला ७ तिच्या आधीच्या संख्येत सापडतो: १४२८५६ = ७ × २०४०८. म्हणून १४२८५७ × १४२८५६ ही ९९९९९९ ची बरोबर २०४०८ पट. आता वर्ग म्हणजे ही पट अधिक १४२८५७. दहा लाखांतून एक वजा करून २०४०८ पट घेतली की डावीकडे २०४०८ उभे राहतात आणि उजवीकडे १४२८५७ − २०४०८ = १२२४४९.

जोडीदारही आहे. दहा लाखांतून १४२८५७ वजा केले की ८५७१४३. तिचा वर्ग ७३४६९४१२२४४९; ७३४६९४ + १२२४४९ = ८५७१४३. शेपूट तेच.

लसावि

ही 'तोडा आणि मिळवा' युक्ती वर्गापुरती नाही. १४२८५७ ला कुठल्याही संख्येने गुणा, उजवीकडून सहा-सहाचे तुकडे करा, बेरीज करा (लागलं तर पुन्हा). शेवटी आपली सातांपैकी एकच ओळ येते. कुठली, ते गुणकाला ७ ने भागून उरणारी बाकी सांगते. बाकी शून्य असेल तर ९९९९९९.

इथल्या मुलांसाठी पिनकोड घ्या. ३९०००१ ची सातने बाकी ३.

१४२८५७ × ३९०००१ = ५५७१४३७२८५७
५५७१४ + ३७२८५७ = ४२८५७१

तिसरी ओळ. मामा-काका इंदूरला असतील त्यांनी ४५२००१ घ्यावा, बाकी ४, उत्तर ५७१४२८. ग्वाल्हेरचा ४७४००१ पुन्हा ३ वर.

आणि मग वर्गाचं कोडंही वेगळं राहत नाही. १४२८५७ ला स्वतः ७ ने भागलं तर बाकी १. म्हणजे पहिली ओळ, म्हणजे तीच. घन करा, चौथा घात करा, तुकडे मिळवत गेलात की तीच.

केळकर_कॅल्सी

एक सावधगिरी. मोबाइल आपल्या पद्धतीने स्वल्पविराम घालतो: ५५,७१,४३,७२,८५७. सहावा अंक जोडीच्या मधोमध तुटतो, ४ इकडे आणि ३ तिकडे. मुलं स्वल्पविरामापाशीच तोडतात आणि बेरीज चुकते. कागदावर सलग लिहून उजवीकडून मोजायला लावा.

मांडवीकर

मोठ्यांनाही उपयोगी पडेल असं एक. सातने भागल्यावर कॅल्क्युलेटरवर दशांश चिन्हानंतरचा पहिलाच अंक बाकी सांगतो: १, २, ४, ५, ७, ८ म्हणजे अनुक्रमे बाकी १, २, ३, ४, ५, ६. चढत्या क्रमाने लावलेले आपलेच सहा अंक.

वार काढायला हे सरळ वापरता येतं. १५ ऑगस्ट १९४७ शुक्रवार. २६ जानेवारी १९५० पर्यंत ८९५ दिवस. ८९५ ÷ ७ = १२७.८५७… पहिला अंक ८, म्हणजे बाकी ६. शुक्रवारनंतर सहावा वार गुरुवार. ३६५ ÷ ७ = ५२.१४… म्हणून वाढदिवस दरवर्षी एक वार पुढे; मध्ये २९ फेब्रुवारी आला तर ३६६ ÷ ७ = ५२.२८… दोन वार.

एकक

वैदिक गणिताच्या वर्गात ही संख्या उजवीकडून लिहायला शिकवतात. ती रीत इथे चालेल का? आणि ती चालते का?

लसावि

चालते, आणि कारणासकट दाखवली तर भिंतीवर शोभेल. १/७ = ७/४९. ४९ च्या पुढची ५०, म्हणून गुणक ५. शेवटचा अंक ७ लिहा आणि डावीकडे सरका:

७ × ५ = ३५ : ५ लिहा, हातचे ३
५ × ५ + ३ = २८ : ८ लिहा, हातचे २
८ × ५ + २ = ४२ : २ लिहा, हातचे ४
२ × ५ + ४ = १४ : ४ लिहा, हातचा १
४ × ५ + १ = २१ : १ लिहा, हातचे २
१ × ५ + २ = ७ : परत ७, हातचा नाही. थांबा.

उजवीकडून ७, ५, ८, २, ४, १. हातचा विसरला की फेरा असा परत ७ वर येऊन बंद होत नाही, हीच चूक पकडायची खूण. भागाकारात आपण प्रत्येक पायरीला बाकी १० ने गुणतो; १० × ५ = ५०, आणि ५० ला ४९ ने (म्हणून ७ नेही) भागून बाकी १. म्हणजे पाचने गुणणं हा त्याच चक्राचा उलटा फेरा.

आलेखवही

दहावीच्या पोरांना आलेख कागद द्या. शेजारच्या अंकांच्या जोड्या बिंदू म्हणून मांडा: (१,४), (४,२), (२,८), (८,५), (५,७), (७,१). सहाही एका लंबवर्तुळावर बसतात:

१९क्ष² + ३६क्षय + ४१य² − ३३३क्ष − ५३१य + १६३८ = ०

(१,४) घालून पाहा: १९ + १४४ + ६५६ − ३३३ − २१२४ + १६३८ = ०.

पाच बिंदूंतून एक शंकुच्छेद (लंबवर्तुळ, अन्वस्त, अपास्त अशा वक्रांपैकी एक) जातो हे माहीत आहे. सहावा बिंदू आपण होऊन त्यावर पडणं हा योगायोगच म्हणायचा.

शेष_शून्य

योगायोग अर्धाच. समोरासमोरच्या अंकांची बेरीज ९, त्यामुळे (१,४) च्या समोर (८,५), (४,२) च्या समोर (५,७), (२,८) च्या समोर (७,१). तिन्ही जोड्यांचा मध्य (४.५, ४.५). तो केंद्र धरला की शंकुच्छेदाच्या समीकरणात तीनच मोकळे सहगुणक उरतात, आणि तीन बिंदू ते ठरवून टाकतात. समोरचे तीन बिंदू सममितीने फुकट. तेव्हा सहा बिंदू एका शंकुच्छेदावर असणारच होते. ते लंबवर्तुळ निघालं, अपास्त नाही, एवढंच नशीब: ३६² − ४ × १९ × ४१ = −१८२०, ऋण.

कागदावर १ एकक = २ सेंमी घ्या. त्याहून लहान काढलं तर वक्र हाताने जोडताना खडबडीत होतो.

खडूफळा

भरपूर झालं, एक कार्डशीट वाढवावी लागणार. शेवटचा प्रश्न: अशा रिंगा दुसऱ्या संख्यांच्या करता येतील का? मुलं विचारणारच.

विषम

सुरुवातीला शून्य चालत असेल तर हो. पुढची १७ ची: ०५८८२३५२९४११७६४७, सोळा घरं. शंभरच्या आतल्या २५ मूळ संख्यांपैकी ७, १७, १९, २३, २९, ४७, ५९, ६१ आणि ९७ या नऊ पूर्ण रिंग (छेदाहून एक कमी घरांची) देतात. छेद दहापेक्षा मोठा झाला की पहिला अंक शून्य ठरलेलाच, म्हणून शून्याशिवायची अशी रिंग एकट्या ७ ची. अशा मूळ संख्या अनंत आहेत का, हे अजून कुणी सिद्ध केलेलं नाही. आर्टिन नावाच्या गणितीने १९२७ मध्ये तसा अंदाज बांधला, तो खरा असेल तर सगळ्या मूळ संख्यांत त्या सुमारे ३७.४ टक्के निघतात.

१७ ची रिंग एक्सेलमध्ये तपासणार असाल तर घर आधी 'टेक्स्ट' करा. नाहीतर पुढचं शून्य गळतं, आणि १५ अंकांपुढे टाइप केलेला आकडा तो शून्य करून टाकतो.

टेबलावर मात्र १७ ऐवजी १३ ठेवा, जास्त मजा आहे. १३ ला सहा-सहा घरांच्या दोन रिंगा लागतात, दोन रंगांत करा. पिवळी ०७६९२३, हिरवी १५३८४६. मुलाने १ ते १२ मधली संख्या सांगायची. १, ३, ४, ९, १०, १२ ला पिवळी कापायची. २, ५, ६, ७, ८, ११ ला हिरवी. ०७६९२३ ला त्या संख्येने गुणायचं. कुठे कापायचं ते याही वेळी एककावरून: संख्येला ३ ने गुणा, शेवटचा अंक बघा. ५ सांगितले तर १५, हिरवीवर ५ शोधा, त्यानंतर कात्री: ३८४६१५.